लेकीच्या गावी आठ दिवस : लंडनची आखणी



गेल्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते लिहून झाले. मी वही मिटत होते, तेवढ्यात एक मावशी जवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, तू लंडनले गेलती तं किती खर्च आला व? माह्या पोराले तिथं जाऊन दोन वर्सं झाले. तो म्हणते, ये. मले काय समजते तिथलं?" त्यांचं ऐकून आणखी दोघी थांबल्या. एकीची सून तिकडे शिकायला आहे, दुसरीचा भाचा. रोहिणखेडात उभं राहून आपण लंडनच्या खर्चाचं बोलत होतो, याचं आमचं आम्हालाच हसू आलं. पण पोरं गेली आहेत तर आयाही कधीतरी जाणारच. म्हणून आजचं बोलणं त्यावर.

माझी लेक लंडनच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिची सुट्टी कमी आणि इकडे आपली पेरणी तोंडावर, म्हणून मी मोजून आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांची आखणी कशी केली, काय चुकलं, पैसा कुठे गेला आणि कुठे वाचला, ते सांगते.

चुकलेलं आधी सांगते, कारण त्यात माझे पैसे गेले. माझा व्हिसाचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. पासपोर्ट म्हणजे आपल्या देशाचं ओळखपत्र, आणि व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाने दिलेली "या" अशी परवानगी. ती परवानगी मिळवून देतो म्हणून एक एजंट भेटला. त्याने सांगितलं, "ताई, खात्यात तीन-चार लाख दिसले पाहिजेत. पंधरा दिवसांसाठी कोणाकडून उसने घ्या, टाका, मग काढून द्या." मी दिराकडून घेतले आणि टाकले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, नकार. लेकीने ते पत्र फोनवर मराठीत वाचून दाखवलं. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम कुठून आली त्याचा पुरावा नाही, आणि मी परत जाईन अशी त्यांची खात्री पटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा फी ११५ पौंड होती. नकार आला तर ती परत मिळत नाही. एजंटचे पैसे वेगळे. मला पैशापेक्षा दुसरंच लागलं. चाळीस वर्षं ज्या घरात, ज्या वावरात राबले, तिथे मी परत येईन यावर कोणाचा विश्वास बसत नाही!

नंतर समजलं की त्यांना तसं वाटायला मीच जागा दिली होती. माझी खरी कमाई कागदावर कुठेच नव्हती, आणि जी रक्कम दिसत होती ती खोटी होती.

दुसऱ्या वेळी एजंट नाही. लेकीने इंग्लंड सरकारच्या साइटवर स्वतः अर्ज भरला. साइटचं नाव शेवटी "गव्ह डॉट यूके" असं संपतं, एवढं लक्षात ठेवा. तशाच दिसणाऱ्या, जास्त पैसे उकळणाऱ्या दुसऱ्या साइट आहेत. सोबत काय लावलं ते ऐका. सहा महिन्यांचं बँकेचं विवरण. त्यात कापूस आणि सोयाबीन विकल्याचे पैसे आलेले दिसतात, आणि प्रत्येक रकमेला जोडून विक्रीची पट्टी. सातबारा. गटाचं पत्र, की ही आमची सचिव आहे आणि अमुक तारखेला हिला हिशेबाला हजर राहायचं आहे. मालकांचं पत्र. लेकीचं पत्र, की आई माझ्याकडे राहील, जेवणखाण माझं. सोबत तिच्या पगाराच्या स्लिपा आणि घरभाड्याचा करार. आणि एका कागदावर आठ दिवसांची आखणी, कोणत्या दिवशी कुठे. मराठी कागद तसाच चालत नाही, त्याचं इंग्रजी भाषांतर करून भाषांतर करणाऱ्याची सही, नाव आणि तारीख लागते. अर्जात एक प्रश्न असतो, आधी कधी नकार मिळाला आहे का. तिथे "हो" लिहिलं. लपवायचं नाही. खोटे कागद किंवा खोटी माहिती सापडली तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं.

अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. अर्ज भरला की बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला मुंबईला किंवा पुण्याला केंद्रावर जावं लागतं. मी मलकापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली आणि दुसऱ्या रात्री परत निघाले. उत्तर साधारण तीन आठवड्यांत येतं. ते येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, कोणी कितीही "आता स्वस्त आहे" म्हटलं तरी. एप्रिल २०२५ पासून फी १२७ पौंड झाली. पौंडाला एकशे वीस रुपये धरले तर पंधरा हजारांच्या वर. फी आणि पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशी पुन्हा पाहायचा, दोन्ही हलत असतात. या व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण काम करता येत नाही.

पासपोर्टबद्दल एक गोष्ट, कारण आपल्या बायका इथेच अडतात. आपला जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर "ईसीआर" असा शेरा येऊ शकतो. त्याला घाबरून एका बाईने बेतच सोडला होता. तो शेरा आखातासारख्या काही ठरलेल्या देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. इंग्लंड त्या यादीत नाही. पोराला भेटायला, फिरायला जाणाऱ्या आईला त्याचा अडसर नाही.

आता केव्हा जायचं? लंडनची माणसं सांगतील जून-जुलै. पण मृग लागल्यावर आपल्याला घर सोडून कसं जमेल? मी पंचांग आणि नकाशा दोन्ही समोर ठेवले. अखाजी झाली की वावरं रिकामी असतात. गहू, हरभरा घरात आलेला असतो आणि मृगाला अजून महिनाभर असतो. आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असताना तिकडे मे महिन्यात दिवसा पंधरा-अठरा अंश असतात. म्हणजे आपल्याला स्वेटर हवाच. पाऊस कधीही भुरभुरतो, छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं. मे महिन्यात अंधार पडायला रात्रीचे नऊ वाजतात. तेच डिसेंबरात गेलात तर दुपारी चारच्या आतच सूर्य बुडतो. तिकीट तेवढंच, पण पाहायला दिवस अर्धा.

पैशाचं गणित उलटं आहे, ते समजायला मला वेळ लागला. आपल्याला वाटतं लंडन महाग म्हणजे तिथे पाहणं महाग. तसं नाही. महाग आहे पोहोचणं आणि राहणं. राहायला लेकरू असेल तर तोही भार गेला. तिथली सगळ्यात मोठी सरकारी संग्रहालयं आत जायला फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम, नैसर्गिक इतिहासाचं म्युझियम, विज्ञानाचं म्युझियम, नॅशनल गॅलरी, सगळी. कोणी तिकीट विचारत नाही. गर्दीच्या दिवसांत आधी नाव नोंदवून ठेवलं तर रांग टळते, तेही फुकटच. दारात पेटी असते, वाटलं तर टाका. बाकी काही ठिकाणांना मात्र पैसे पडतात. लंडनचा किल्ला, म्हणजे टॉवर, जिथे कोहिनूर आहे, त्याचं तिकीट पस्तीस पौंडांच्या घरात आहे. आपले चार हजार दोनशे. डीएपीच्या तीन बॅगा! मी बाहेरूनच पाहिला. कोहिनूर १८४९ साली इंग्रजांनी पंजाबच्या अल्पवयीन महाराजा दुलीपसिंगाकडून घेतला. तो काचेआड पाहायला आपण वर पैसे मोजायचे, हे मला पटलं नाही. तुमचं मन झालं तर तुम्ही जरूर पाहा, लेकीच्या मैत्रिणीची आई जाऊन आली आणि खूश होती.

फिरण्याचा खर्च बसने आवरतो. लाल दुमजली बस. २०२५ मध्ये एका वेळचे १.७५ पौंड, म्हणजे दोनशे दहा रुपये, आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून एका तासाच्या आत दुसऱ्या बसमध्ये चढलात तर पुन्हा पैसे कापत नाहीत. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. तिथलं ऑईस्टर नावाचं कार्ड असतं, ते ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या गोलावर टेकवायचं, टुण् वाजलं की झालं. उतरताना टेकवायचं नाही. जमिनीखालच्या रेल्वेला मात्र चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवायचं, विसरलात तर जास्त पैसे कापतात. ती भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली, जगातली पहिली. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ची. म्हणजे आपल्याकडे आगगाडी त्यांच्या भुयारी गाडीच्या दहा वर्षं आधी धावली. हे लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आपली पण त्यांनीच बांधली ना." असो.

बसच्या वरच्या मजल्यावर समोरची जागा मिळाली तर अर्धं लंडन तिथूनच दिसतं. गुडघे दुखणाऱ्या बायांनी जिन्याची घाई करू नये, बस उभी असतानाच चढायचं.

आता दिवस. एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता. दिवसाला एकच मोठं ठिकाण. यात्रेत आपण शेगाव, लोणार, सिंदखेडराजा एका दिवसात उरकतो आणि घरी आल्यावर काहीच आठवत नाही, तसं करायचं नव्हतं. पहिला दिवस तर कोराच सोडला. विमानात नऊ-दहा तास, वाट लांबली तर त्याहून जास्त, आणि तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. संध्याकाळी सहालाच डोळे मिटायला लागतात. त्या दिवशी बळजबरीने फिरलेली बाई दुसऱ्या दिवशी आजारी पडते. विमानतळावर अधिकारी विचारतो, कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार. मी लेकीचा पत्ता, परतीचं तिकीट आणि तो आखणीचा कागद हातातच ठेवला होता. त्याने कागद पाहिला, हसला आणि जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, लेक सोबत. वेस्टमिन्स्टर. बिग बेनचं घड्याळ, नदी, त्यांची संसद. संसदेसमोरच्या चौकात पुतळे आहेत. त्यात आपले गांधीजी आहेत, २०१५ पासून. आणि एक बाई आहे, हातात फलक धरून उभी. मिलिसेंट फॉसेट तिचं नाव. बायांना मताचा हक्क मिळावा म्हणून ती सारं आयुष्य झगडली. १९१८ साली तिथे तीस वर्षांवरच्या काही बायांना मत मिळालं, पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. त्या चौकात बाईचा पुतळा पहिल्यांदा लागला तो तिचाच, आणि तो २०१८ साली! तोवर सगळे पुरुषच. या बाईंना लक्षात ठेवा, त्यांच्या थोरल्या बहिणीचं काम पुढे येणार आहे. तिथून बागेतून चालत राजवाड्यापर्यंत गेलो. बागेत पाणकोळी आहेत, माणसांना भीत नाहीत. पहारा बदलण्याची कवायत फुकट पाहायला मिळते, पण रोज नसते. वार आणि वेळ आधी पाहून जा.

तिसऱ्या दिवशी लेक बारा तासांच्या ड्युटीवर. मी घराजवळच. ती वेम्बलीच्या बाजूला राहते. तिथल्या ईलिंग रोडवर इतकी गुजराती दुकानं आहेत, की मेथी, भेंडी, गवार, हिरवी मिरची, सगळं मिळालं. मी सकाळी बसने एक थांबा गेले आणि परत आले. मग दोन थांबे. मग चार. हसू नका. ही माझी शाळा होती.

चौथ्या दिवशी साउथ केन्सिंग्टन, तिथे तीन मोठी संग्रहालयं एकमेकांना लागून आहेत. नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियममध्ये शिरलं की वर निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, पंचवीस मीटरहून लांब. त्यांच्याकडे आकाशातून पडलेले दगडही आहेत. मी लेकीला म्हटलं, आपल्या जिल्ह्यात तर अख्खं लोणार आहे.

शेजारचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. शिवरायांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं तिथलीच. आता ती तिथे शोधू नका. तीन वर्षांच्या बोलीवर ती महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. अफजलखानाच्या वेळची ती हीच, असं ते म्युझियम स्वतःही छातीठोकपणे सांगत नाही. मला तिथे जास्त वेळ लागला तो कापडांपाशी. मलमल, छीट, किनखाप, शाली. आणि एक गोष्ट तिथेच कळली, ती आपल्या कापूसवाल्या बायांना सांगितलीच पाहिजे.

१८६६ साली फोर्ब्स वॉटसन नावाच्या एका साहेबाने हिंदुस्थानातल्या कापडाचे सातशे तुकडे कापून अठरा जाड पुस्तकांत चिकटवले. धोतर, लुगडं, पागोटं, सगळ्याचे नमुने. अशी पुस्तकांची वीस जोडं केली. त्यातली तेरा तिकडेच ठेवली, सात आपल्याकडे पाठवली. कशासाठी? तिथल्या गिरणीवाल्यांना कळावं, की इथल्या बाईला कसलं लुगडं आवडतं, काठ केवढा लागतो, रंग कोणता लागतो. मग तसंच कापड यंत्रावर विणून आपल्यालाच विकायचं. आता आपल्याकडे त्याच वेळी काय चाललं होतं ते जोडा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावचा कापसाचा बाजार त्यातून फुगला. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला, आणि तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता! आपल्या बायांनी वेचलेला कापूस त्या फाट्याने गेला आणि पुस्तकातला नमुना पाहून विणलेलं कापड परत आलं. जुनी पुस्तकं रोज काचेआड मांडलेली नसतात, पण ती त्याच संग्रहात आहेत. मी त्या कपाटांमधून चालत होते तेव्हा मला कापूस वेचून बोटांना पडलेल्या चिरा आठवत होत्या.

पाचवा दिवस माझ्या एकटीचा. लेकीची पुन्हा ड्युटी. ती आदल्या रात्री म्हणाली, "आई, घरीच बस, मला कामावर धाकधूक नको." मी म्हटलं, जाते. १८ नंबरची बस वेम्बलीहून थेट यूस्टनला जाते, बदलावी लागत नाही. लेकीने एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलं, मला यूस्टनला उतरायचं आहे. मागे तिचा पत्ता आणि नंबर, आणि आणीबाणीला फिरवायचा ९९९. बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव बोलतात आणि पाटीवर उमटतं, त्यामुळे अक्षर ओळखलं तरी जमतं. तास-सव्वा तास लागला. वाटेत त्याच हॅरो रोडच्या जवळ हॉवली प्लेस म्हणून गल्ली आहे, तिथे लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले होते, घरावर पाटी आहे. मी उतरले नाही. एकदा उतरले तर पुन्हा चढेन का, ही भीती.

यूस्टनहून चालत हंटर स्ट्रीट. प्रवासी तिकडे जात नाहीत. मी गेले कारण त्या जागेवर लंडनचं बायांचं वैद्यकीय कॉलेज होतं, आणि तिथे आपल्या रखमाबाई शिकल्या. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्या नवऱ्याकडे नांदायला जाईनात. नवरा कोर्टात गेला, १८८४ साली. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करते म्हणून कळवलं. शेवटी १८८८ साली नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉक्टर एडिथ पीची यांच्यासारख्या लोकांनी पुढाकार घेतला, आणि १८८९ साली रखमाबाई लंडनला शिकायला निघाल्या. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, बोटीने. तेव्हा त्या कॉलेजच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, म्हणजे चौकातल्या पुतळ्याच्या मिलिसेंटबाईंच्या थोरल्या बहीण. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

आज तिथे उभी आहे ती कॉलेजची नंतर बांधलेली इमारत. आपल्यासाठी खास पाहण्यासारखं काही नाही. समोर फुटपाथवर मी दहा मिनिटं उभी राहिले. माझ्या मनात एकच येत होतं, त्यांच्या खिशात परतीचं तिकीट होतं का, आणि त्यांना पहिल्यांदा बाहेर पडताना पाय कापले असतील का.

तिथून ब्रिटिश म्युझियम पायी पंधरा मिनिटं. ते १७५९ पासून लोकांना खुलं आहे. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव दगड तिथे आहेत. एवढे मोठे दगड तिकडे नेले कसे, हाच विचार करत मी बाकावर बसून शेंगदाण्याची पोळी खाल्ली. ते म्युझियम सगळं पाहायला महिना लागेल. दोन दालनं पाहा आणि बाहेर या. परत येताना बस मध्येच एका थांब्यावर "इथेच संपते" म्हणून उभी राहिली, सगळे उतरले. माझ्या पोटात गोळा आला. एका काळ्या कोट घातलेल्या आजीबाईंना मी कागद दाखवला. त्यांनी काही न बोलता मागून येणारी १८ नंबरचीच बस दाखवली. तासाच्या आतच होते, पुन्हा पैसेही कापले गेले नाहीत. घरी पोहोचले तर लेकीचे अकरा मिस्ड कॉल. फोन मी पिशवीत तळाशी ठेवला होता. तुम्ही गळ्यात ठेवा.

सहाव्या दिवशी दोघी मिळून १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनपासून पायी थोड्या अंतरावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेऊन स्मारक केलं. मग स्थानिक नगरपालिकेच्या परवानगीचा वाद झाला, तो २०२० मध्ये मिटला. उघडण्याच्या वेळा पाहूनच जा. साधं, जिन्याचं घर आहे. बाबासाहेब सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसत आणि ते बंद होईपर्यंत वाचत, खाण्यावरचा पैसा वाचवत. मी आदल्या दिवशी जिथे पोळी खाल्ली, तिथे. घराजवळच प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे, फुकट. वर चढलं की सगळं लंडन खाली दिसतं. आपल्या राजूर घाटातून खाली मोताळ्याकडचं दिसतं तसं, फक्त वावरांच्या जागी इमारती.

सातवा दिवस मोकळा ठेवला होता आणि ते बरं झालं, पाऊसच लागला. नाहीतर ग्रीनिचला बोटीने जायचा बेत होता. आखणीत असा एक दिवस सुटा ठेवाच. तुमचा मुक्काम गणपतीत असेल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, १९३२ सालापासूनचं मंडळ, तिथे आरतीला जाता येतं.

बॅगेचं थोडक्यात. तूप, पेढे, खवा, बर्फी, दुधाचं काहीही न्यायचं नाही, तिकडे बंदी आहे. मांसाचंही नाही. ताजा कढीपत्ता, लिंबं, आंबे न्यायचे असतील तर नियम आधी पाहून घ्या. मसाला, पापड, कुरडया, शेंगदाण्याची चटणी चालते. लेकीसाठी तूप घेऊन निघालेली बाई तिकडच्या विमानतळावर डबा टाकून देताना रडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. प्रवासाचा विमा काढा. पाहुण्याला तिथे दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर बिल आपल्यालाच येतं, आणि ते पौंडांत. आपल्या चार्जरची गोल पिन तिथल्या भिंतीत बसत नाही, त्यांच्या तीन चपट्या पिना असतात. जोड लागतो, तो इथेच घ्या, स्वस्त मिळतो.

मावशींच्या अर्जाला आम्ही मागच्या सोमवारी बसलो. पासपोर्टपाशीच अडलं. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, आणि जन्मसाल दोन ठिकाणी दोन. लग्नाचा दाखला तर काढलेलाच नाही. बैठकीत विचारलं तर एकवीसपैकी चौदा जणींचं असंच निघालं. नाव आणि जन्मतारीख एकसारखी करायला कोणते कागद लागतात, ग्रामपंचायतीतून काय मिळतं आणि तहसीलला केव्हा जावं लागतं, ते पुढच्या बुधवारी याच वेळेला सांगते. तोवर आपापला शाळेचा दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचा.